पहिलं पाणी कोणाच्या बांधीत

ईश्वरदास : मिळालं होतं. पत्र मिळालंच नाही असं मी म्हणत नाही, बाई. उत्तर दिलं नाही, एवढंच.

दुर्पता : एवढंच?

ईश्वरदास : म्हणजे... एवढंच नाही. तुम्ही आधी बसा. ती पुस्तकं खाली ठेवली की खुर्ची मोकळी होईल. तिथं कोणी बसत नाही, म्हणून ती साचली आहेत.

दुर्पता : मी भुईवरच बरी. पायाले चिखल हाय. आठ वर्स झाले, बाबूजी. आमच्या मामाजीनं शाळेच्या मास्तराकडून लिहून घेतलं, दोन कोस चालत जाऊन डाकेत टाकलं. मंग रोज तलावाच्या पाळीवर बसून डाकवाल्याची वाट पाहे. मी बासी भात घेऊन गेली का म्हने, ठेव, आज येईन जवाब.

ईश्वरदास : तुम्ही उदाराम पाणकरांच्या...

दुर्पता : सून. दुर्पता. माहा नवरा रेवाराम बालाघाटाकडं मँगनीजच्या खदानीत गेला, तो मंग परतलाच नाही. मी सासऱ्यापाशी राह्यली. तुमी आमच्या गावाले आले होते तवा पाळीवर चहा आनून देनारी मीच. तुमी कप हातरुमालानं धरला होता.

ईश्वरदास : आठवतं. फार गरम होता. लोट्यात काय आणलंय तुम्ही? इतका जपून धरलाय.

दुर्पता : मंग सांगीन. पत्र हाय का तुमच्यापाशी? का चुलीत गेलं?

ईश्वरदास : आहे. ह्याच कपाटात... हे पाहा. दर दिवाळीला सुमित्रा पुस्तकं झटकायची, हे पत्र काढायची आणि माझ्या ताटाशेजारी आणून ठेवायची. मी जेवून उठायचो आणि ते परत पुस्तकात घालायचो. आठ दिवाळ्या असं झालं. ह्या वर्षी नाही झालं.

दुर्पता : बाई कुठी हायेत?

ईश्वरदास : घरात नाहीत. वाचू का पत्र?

दुर्पता : वाचा. मले वाचता येत नाही. मामाजी काय बोलले ते मास्तरानं लिहिलं का नाही, तेही मले ठाव नाही.

ईश्वरदास : "बाबूसाहेबांस उदाराम पाणकराचा रामराम. तुम्ही तीन दिवस माझ्या तोंडचं लिहून नेलं. कोणाच्या बांधीत, कोणाच्या धानाच्या शेतात केव्हा पाणी सोडायचं, ते माझ्या बापानं मला सांगितलं, त्याच्या बापानं त्याला. आता पटवारी म्हणतो, सरकारी कागदात आमचं काहीच नाही. मी सांगितलं ते कुठे गेलं? माझा पोरगा गावात नाही, मी कोणाला सांगू? जवाब द्या. जवाब येईपर्यंत मी तुडूम सोडत नाही."

दुर्पता : बराबर लिहिलं मास्तरानं.

ईश्वरदास : मला तेव्हा तुडूम हा शब्दही माहीत नव्हता. उदारामांनी माझा हात धरून दाखवला. तलावाच्या पोटातून पाणी बाहेर सोडायचं ते दगडी तोंड, त्यात बसवलेला लाकडी दट्टा. म्हणाले, बाबूजी, दट्टा काढायला ताकद लागत नाही, श्वास लागतो. मी म्हणालो, मला तर जिना चढतानाही लागतो. ते हसले. हसले होते हो ते.

दुर्पता : हासे तो. मंग सांगा तुमीच. तो सांगे, तुमी लिवत. तीन दिवस मी पाह्यलं. ते लिवलेलं गेलं कुठी?

ईश्वरदास : वहीत आहे. माझ्या स्वतःच्या वहीत. त्यावरून सरकारी तक्त्यात उतरवायचं होतं.

दुर्पता : उतरवलं काऊन नाही?

ईश्वरदास : तुम्हाला एकावन्नचं साल आठवतं का? मालगुजारी गेली ते?

दुर्पता : न आठवाले काय झालं? गावात डफ वाजला. म्हने, मालगुजार गेला, आता कसनाऱ्याचं राज आलं. श्यामलाल पटेलानं स्वताच गूळ वाटला. त्याचीच मालगुजारी गेली अन् तोच गूळ वाटे. आमाले वाटलं, केवढ्या मोठ्या मनाचा मानूस!

ईश्वरदास : कायदा असा होता, बाई. गावचे तलाव सरकारचे होणार. पण जो तलाव मालगुजाराच्या घरच्या शेतीत असेल, तो त्याच्याकडेच राहणार. आणि गावाचा त्या पाण्यावर जुना हक्क असेल, तर तो बाराव्या रकान्यात लिहायचा. मी तक्ता भरणारा कारकून. बाराव्या रकान्यात उदारामांचं तोंडचं उतरलं असतं, तर तो तलाव एकट्याच्या घरचा आहे असं म्हणता आलं नसतं.

दुर्पता : अन् तुमी काय लिवलं?

ईश्वरदास : काही नाही. कोरा ठेवला.

दुर्पता : पटेलानं पैसे देल्ले?

ईश्वरदास : नाही. पैसे दिले असते तर मी घेतले नसते, एवढा तरी मी... नाही, तेही सांगता येत नाही. त्यांच्या बैठकीत पुस्तकांची तीन कपाटं होती. म्हणाले, कुठलंही न्या, सावकाश परत करा. मला आजवर असं कोणी म्हणालं नव्हतं. मग सहज म्हणाले, अहो, तोंडी सांगण्याला कागदाचा आधार नसतो, तुम्ही वाचलेले आहात, तुम्हाला काय सांगायचं! मला पटलं. पटलं की पटवून घेतलं, ते आता कळत नाही. कोरा रकाना सोडणं म्हणजे खोटं लिहिणं नव्हे, असं मी मला समजावलं.

दुर्पता : त्या कोऱ्या जागेत आमचा आखा तलाव मावला, बाबूजी.

ईश्वरदास : हो.

दुर्पता : तुमाले मामाजी कसा गेला ते ठाव हाय?

ईश्वरदास : ऐकलं होतं. नीट नाही ऐकलं. कोणी सांगायला लागलं की मी विषय बदलत असे.

दुर्पता : आता नका बदलू. तवा दिवाळी झाली होती. धान निसवून राह्यलं होतं, पानी पाहिजेच. पटेलाचा मानूस पाळीवर येऊन उभा राह्यला. म्हने, तलाव आता घरचा, पटेल सांगतीन तवाच पानी सुटन. मामाजी म्हने, मी कागद धाडला, जवाब आला का सोडीन, तोवर तुडूम माह्याच हातात. अन् पान्यात उतरला. मी पाळीवर उभी होती. दिवसाउजेडी, सूर्य चांगला वर आला होता. उतरला तो वर आलाच नाही.

ईश्वरदास : कोणी शोधलं नाही?

दुर्पता : गावचे सप्पा गडी उतरले. तुडुमापाशी हात लावून आले. म्हनले, दट्टा बसला हाय, पन मानूस नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो त दट्टा पाळीवर उभा ठेवला होता. ओला. मामाजी तसाच उभा ठेवे, आडवा कधी नाही. अन् पानी सुटलं होतं. कोनाच्या बांधीत? आमच्या.

ईश्वरदास : तुमच्या...

दुर्पता : तवापासून दर वर्सी. पटेलानं पहारा ठेवला, कुलपाची साखळी ठेवली. बकारामले बसवलं पहाऱ्यावर. बकाराम म्हने, धुक्यात बसलो होतो, कोनी दिसत नाही, पन पान्याखालून नावं आयकू येतेत. "आता पतिरामची बांधी. आता रुख्माची. आता चैतरामची, अर्धीच, त्याची बांधी खोल हाय." जसा मामाजी म्हने तसंच. बकारामनं नोकरी सोडली. आता तो त्या रस्त्यानं जातही नाही.

ईश्वरदास : आणि पाणी त्याच क्रमानं?

दुर्पता : चौतीस घरं, एक घर चुकलं नाही. एक वर्स वरून खाली, एक वर्स खालून वर. आमाले कोनाले तो हिशेब येत नाही, मामाजीच्याच तोंडात होता. आमी काय करतो? सकाळी उठतो, ज्याच्या बांधीत पानी आलं तो बांध बांधते. कोनी बोलत नाही. बोलावं त कोनाशी?

ईश्वरदास : मग आता कचेरीतलं प्रकरण काय आहे? तुम्ही दारातच म्हणालात, मंगळवारी तारीख आहे.

दुर्पता : माह्यावर हाय. पान्याच्या चोरीचा दावा. पटेल म्हनते, पानकराची सून लपून तुडूम खोलते. मले त पोहताही धड येत नाही. पन कचेरीत काय सांगू? मेलेला खोलते म्हनू? तुमी येऊन सांगा का गावाचा हक्क हाय, तुमच्या वहीत लिवलं हाय. हक्क असला त खोलनारा चोर नाही. मंग तो जिता हाय का मेला, हे साहेबाले कायले पाहिजे?

ईश्वरदास : हे तुम्ही वकिलापेक्षा बरं मांडलंत. पण मी... मी कचेरीत उभा राहून बोललेला माणूस नाही. मी चाळीस वर्षं टेबलाच्या ह्या बाजूला बसलो. मला विचारतील, आठ वर्षं कुठे होतात?

मुन्नालाल : मुन्शीजी, हैं क्या घर पे? दार उघडंच दिसलं म्हणून आलो. अरे! दुर्पता, तू पण इथेच? तारीख मंगळवारची अन् गवाह आजच शोधून राहिली?

दुर्पता : तुमी काय शोधून राह्यले, दिवाणजी?

मुन्नालाल : दिवाणजी नको म्हणू. पटेलांचा दिवाणजी तेव्हा होतो, मालगुजारी होती तेव्हा. आता सोसायटीचा सेक्रेटरी आहे.

दुर्पता : अन् पटेल?

मुन्नालाल : चेअरमन.

दुर्पता : टोपी नवी, डोस्कं तेच.

मुन्नालाल : जबान बघा हिची! मुन्शीजी, हे पोतं जरा कोपऱ्यात ठेवू?

ईश्वरदास : त्यातून पाणी गळतंय. तिथं पुस्तकं आहेत. काय आहे त्यात?

मुन्नालाल : दट्टा. तुडुमाचा. पंचनाम्यात जप्त झाला, माझ्या ताब्यात दिला. मंगळवारी कचेरीत हजर करायचा. तुमचं घर कचेरीच्या पास, म्हणून म्हटलं, तोवर इथेच राहू दे.

ईश्वरदास : जप्त होऊन किती दिवस झाले?

मुन्नालाल : बारा.

ईश्वरदास : बारा दिवस, आणि अजून ओला?

मुन्नालाल : लकडी आहे, मुन्शीजी. साठ-सत्तर साल पाणी प्यायली. सुकायला टाइम लागणारच.

दुर्पता : उन्हात ठेवला होता ना? सांगा ना खरं.

मुन्नालाल : तू चूप बस. मुन्शीजी, तुमच्यापासून काय लपवायचं? पहिले कुडवा गावच्या राइस मिलमध्ये ठेवला. बाजूला धानाची पोती होती. चौथ्या दिवशी हमाल आला, म्हणे, सेठ, पोत्यातून हिरवं निघून राहिलं. फोडून पाहिलं तर सगळ्या धानाला अंकुर. सूखा धान, मुन्शीजी! मग घरी नेला, आंगणात धूपमध्ये ठेवला. दोन दिवसांत बायको म्हणाली, ये चीज घर से निकालो.

ईश्वरदास : का?

मुन्नालाल : तिला वाटतं, त्यातून कोणी तरी नावं घेतं. औरतजात, वहमी असते.

ईश्वरदास : तुम्हाला नाही ऐकू आलं?

मुन्नालाल : मी एका कानानं कमी ऐकतो.

दुर्पता : अन् दुसऱ्यानं?

मुन्नालाल : दुसऱ्यानं पटेलांचं ऐकतो. मुन्शीजी, बात साफ आहे. मंगळवारी तुमची तबियत ठीक नाही. कार्तिकातली हवा, या उमरमध्ये छाती धरते. सरकारी कागदात रकाना कोरा आहे, तर कोरा राहू द्या. कोरा असला तरी कागद सरकारीच ना?

ईश्वरदास : आणि तलावाचं काय करणार तुम्ही?

मुन्नालाल : फोडणार. दुर्पताचा निकाल लागला की पाळ फोडायची. आत गाळाची जमीन, सोन्यासारखी. सरकार तर ओरडून राहिलं, धान पिकवा, जास्त पिकवा, देश भुका आहे. आम्ही सरकारचंच काम करून राहिलो.

दुर्पता : अन् आमच्या चौतीस घरच्या बांध्या?

मुन्नालाल : चोरखमाऱ्याच्या मोठ्या तलावाचा नहर आहे की.

दुर्पता : त्याचं पानी आमच्या गावाकडं चढते का? तुमाले ठाव नाही? तुमी दिवाणजी होते तठी!

मुन्नालाल : मग मिलमध्ये काम आहे. कुडव्याला माणसं लागतात. बांधी गेली म्हणजे जान गेली असं नाही. मुन्शीजी, आणखी एक. आता म्हणतात जमिनीवर हद्द येणार, एका घरात इतकीच अन् जास्त नाही. पटेलांनी पहिलेच ओळखलं होतं, म्हणून थोडी थोडी जमीन याच्या त्याच्या नावावर करून ठेवली. त्यात तुमचंही घर आहे, हे ध्यानात असू द्या.

ईश्वरदास : ती मी विकत घेतली होती.

मुन्नालाल : बिलकुल. रजिस्ट्री मीच लिहिली, मला नका सांगू किंमत. पाऊण एकराची बांधी, सुमित्राबाईंच्या नावाची. कधी पाहिली?

ईश्वरदास : मी नाही. ती एकदा जाऊन आली. आल्यावर म्हणाली, ती जमीन आपली नाही.

मुन्नालाल : कागद म्हणतो आपली. तर मंगळवारी कचेरीत वहीबिही निघाली, तर कोणी विचारेल की वहीवाल्याच्या घरात पटेलांची बांधी कशी? बदनामी तुमची. मी तुमच्या भल्याचं बोलून राहिलो. चलतो. दट्टा इथेच राहू द्या. सुमित्राबाई दिसल्या नाहीत, माझा नमस्कार सांगा.

ईश्वरदास : सांगतो.

मुन्नालाल : अन् ते पोतं... उघडू नका उगाच. राम राम.

दुर्पता : गेला. बाहेर त्याची बैलगाडी नाही, पायीच आला. पोतं खांद्यावर घेऊन आला बिचारा, गाडीवाल्यानं घेतलं नसन.

ईश्वरदास : तुम्ही ऐकलंत ना सगळं? आता तुम्हाला कळलं, मी कोण आहे ते. तुम्ही चुकीच्या घरी आलात, बाई. मी घाबरट माणूस आहे. तीही हेच म्हणत असेल. म्हणत नव्हती, पण असेल.

दुर्पता : बांधीचं मले आंधीच ठाव होतं. बांधीसाठीच आली मी.

ईश्वरदास : म्हणजे?

दुर्पता : दट्टा जप्त झाला त्या दिवशीची गोस्ट. ह्या सालचं पयलं पानी त्याच दिवशी सुटलं होतं. सकाळी आमी पाहाले गेलो. एकाच बांधीत पानी होतं. मंग पटेलाचे मानसं आले, दट्टा नेला, भोकात सिमेट भरलं. पानी बंद. बारा दिवस झाले. बाकीच्या तेहतीस घरच्या बांध्या भेगाळल्या, धान निसवून उभं हाय अन् आत दाना भरत नाही. आनखीन आठ दिवस गेले त पोचटच राहीन. एकच बांधी हिरवी हाय. काठोकाठ पानी. गावातले लोक म्हनतेत, उदाराम फितला, मुन्शीले पानी देल्लं.

ईश्वरदास : आमच्या बांधीत? मी तर... मी तर कोणाला काही सांगितलं नव्हतं.

दुर्पता : काय सांगतलं नव्हतं?

ईश्वरदास : थांबा. वही काढतो. पहिलंच पान. हे उदारामांनी अगदी सुरुवातीला सांगितलं होतं. म्हणाले, बाबूजी, क्रमाच्या आधी हे लिहा...

दुर्पता : वाचू नका. तेवढं गावात समद्यायले ठाव हाय. म्हून त मी आली. तुमीच सांगा. तुमच्या घरी कोन गेलं?

ईश्वरदास : "वर्षाच्या आत ज्या घरात मयत झाली असेल, पहिलं पाणी त्या घरच्या बांधीत. कारण त्या घरचा माणूस पाण्यासाठी भांडायला येऊ शकत नाही."

दुर्पता : बाबूजी.

ईश्वरदास : वैशाखात. चार दिवसांचा ताप. नातेवाईक फारसे नाहीत आम्हाला. शेजारचे दोघे-तिघे आले. तुमच्या गावात कोणाला कळवणार, तिथं आमचं कोण? मुन्नालाललाही माहीत नाही, पाहिलंत ना तुम्ही? मघा तुम्ही विचारलंत, तेव्हाही माझ्यानं सांगवलं नाही. घरात नाहीत म्हणालो.

दुर्पता : मले वाटलंच. लोक म्हनत होते फितला, मी म्हनलं, मामाजी फितत नाही. त्या घरात कोनी गेलं असन.

ईश्वरदास : मी त्यांचं पत्र आठ वर्षं पुस्तकात दाबून ठेवलं. आणि त्यांनी... पहिलं पाणी आमच्या...

दुर्पता : रकाना तुमी कोरा ठेवला. तो नाही ठेवत. घ्या, हा लोटा. त्याच बांधीचं पानी हाय. पानकराच्या घरच्या बाईनं पयलं पानी मयतीच्या घरी न्यायचं असते, उंबऱ्यावर ओताचं अन् मंग बसाचं. मी आंधी नाही ओतलं. घरात खरंच मयत झाली का नाही, ठाव नव्हतं. जित्या मानसाच्या उंबऱ्यावर कसं ओतू?

ईश्वरदास : ओता. इकडच्या नाही, आतल्या दाराच्या. ती तिथं बसून तांदूळ निवडायची.

दुर्पता : ओतलं. आता तुमी रडा, मी बसते.

ईश्वरदास : नाही. आता मला शाई द्या. ती बघा तुमच्या मागे, खिडकीत. उत्तर लिहितो. तुमच्या हातातच देतो. चौतीस घरं, वरून खाली, खालून वर, चैतरामची अर्धी. सगळं.

दुर्पता : माह्या हाती नको. कुडव्याच्या वळनावर दिवाणजीचे मानसं बसले असतीन. हातचा कागद जाईन. डाकेचा जात नाही. अन् पत्र डाकेनं आलं, जवाब डाकेनंच जाते. आमच्या गावात डाकवाला शाळेच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचते, सप्पा आयकतेत. वही तुमी मंगळवारी स्वता घेऊन या. तुमच्या हाताले धरून आनीन, चहाचा कप धरला तसंच.

ईश्वरदास : बांधीचंही लिहितो. बारावा रकाना कोणी कोरा ठेवला, कशासाठी, आणि नंतर काय घेतलं. साहेबांनी विचारलं तर हेच सांगेन. आवाज फुटेल की नाही, सांगता येत नाही.

दुर्पता : नाही फुटला त वही वाचाले द्या त्यायले. पन एक गोस्ट हाय, बाबूजी. ते लिवाच्या आंधी इचार करा.

ईश्वरदास : कोणती?

दुर्पता : मामाजी म्हनला होता, जवाब येयेपर्यंत तुडूम सोडत नाही. जवाब गेला त तो सोडन. मंग पुढच्या साली पानी कोन देईन?

ईश्वरदास : हे माझ्या लक्षातच आलं नाही. मग न लिहिलेलं बरं का? ते आहेत तोवर निदान पाणी तरी...

दुर्पता : झालं! पुन्हा कोरा ठेवता का?

ईश्वरदास : नाही, नाही. तसं नाही.

दुर्पता : आठ वर्स गार पान्यात उभा हाय तो मानूस. थकला नसन? लिवा तुमी. मास्तर वाचून सांगन कोनाची पाळी, बुडी मी मारीन. पोहाले शिकीन. मेल्यानं इतकं केलं, जित्यानं काहीच नाही कराचं का?

(संध्याकाळ व्हायची आहे. गोंदिया स्टेशनबाहेर, डाकेच्या लाल पेटीपाशी.)

ईश्वरदास : तुम्ही ते पोतं उगाच डोक्यावर आणलंत. ठेवा खाली. पदर सगळा भिजला तुमचा.

दुर्पता : घराले धड कडी नाही तुमच्या. अन् दिवाणजी परत आला असता त? पत्ता कोनाचा लिवला?

ईश्वरदास : चार वेळा खोडला. आधी शाळेच्या मास्तरांचा लिहिला. मग तुमचा. मग वाटलं, पत्र ज्यांचं, उत्तरही त्यांनाच. "उदाराम पाणकर, तुडुमापाशी, तलावाची पाळ." मग गावाचं नाव, आणि तहसील गोंदिया.

दुर्पता : जिल्हा, राज्य?

ईश्वरदास : जिल्हा भंडारा. राज्याशी अडखळलो. त्यांनी पत्र टाकलं तेव्हा आपण नागपूरच्या सरकारात होतो. आता मुंबईच्या.

दुर्पता : तलाव हाय तठीच हाय. नावाच्या आंधी कैलासवासी लिवलं का?

ईश्वरदास : लिहिलं होतं. खोडलं.

दुर्पता : बरं केलं. टाका आता.

ईश्वरदास : शेवटी दोन ओळी वेगळ्या लिहिल्या. मांडणी बरी झाली नाही. "उशीर झाला. आपण सांगितलं ते सगळं ह्यात आहे, आणि आता ते चौतीस घरांना ठाऊक होईल. हात मोकळे करावेत." बरं आहे ना? की करावेत ऐवजी...

दुर्पता : बाबूजी, टाका.

ईश्वरदास : टाकलं.

दुर्पता : पडलं का आत?

ईश्वरदास : पडलं. पण ऐकलंत का? पेटी एवढीशी, आणि आवाज किती खोलातून आला.

दुर्पता : आयकला.

ईश्वरदास : पाण्यात काही पडावं तसा. मला उगाच वाटलं असेल. मी असं पुष्कळ वेळा...

दुर्पता : पोत्याले हात लावून पाहा.

ईश्वरदास : का? फार गळतंय का?

दुर्पता : नाही. वाळलं.